फोमबोर्डचं हॉवरक्राफ्ट: आधी उचलेना, मग थांबेना

पहिल्या दिवशी आमचं हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगणारं छोटं यान, एका कोपऱ्यावर जरासं उठलं, थरथरलं आणि होतं तिथेच बसलं. मोटर पूर्ण वेगात, गच्चीवरचं साचलेलं पाणी शेवाळासकट आमच्या तोंडावर, आणि यान जागचं हलायला तयार नाही. भाचा नववीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला सतरा दिवस उरलेले. त्याचं निदान तयार होतं. "मामा, मोटर लहान पडतीय. मोठी घेऊया की."

मी सांगलीत पंप दुरुस्तीचं काम करतो. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य हेच असतं: पाणी वर चढत नाही, मोठी मोटर बसवा. बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते. फूटव्हॉल्व्ह (पाणी परत खाली न सोडणारी झडप) गळत असतो, नाहीतर इम्पेलर (पाणी ढकलणारं फिरतं चक्र) आणि त्याच्या भोवतीच्या केसिंगमधली फट वाढलेली असते. म्हणून मी मोटर आणली नाही. ताईच्या स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला.

बांधलं काय होतं

पेढ्यांचा चपटा खोका डोळ्यांसमोर आणा. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ४ उंच, आतून पोकळ. वरच्या बोर्डाला पुढच्या बाजूला एक गोल भोक, त्यात आडवा पंखा. हा हवा खाली खोक्यात ढकलणार. मागे उभा पंखा, तो यान पुढे ढकलणार. त्याच्या पाठीमागे दोन उभ्या पट्ट्या, म्हणजे रडर. आणि खोक्याच्या भोवतीने प्लास्टिकची फुगणारी झालर. इंग्रजीत तिला स्कर्ट म्हणतात. भाचा पहिल्या दिवसापासून तिला घागरा म्हणतो, पण मी झालरच म्हणेन.

विजेचं सामान एका इंजिनिअरिंगच्या पोराच्या मोडक्या ड्रोनमधून आलं: २२१२ मापाच्या, १००० केव्हीच्या (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे) दोन ब्रशलेस मोटरी, दोन ईएससी (मोटरीचा वेग कमीजास्त करणारी सर्किटं), तीन सेलची १००० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. ९ ग्रॅमचा एक सर्व्हो (रडर वळवणारी छोटी मोटर) आणि २.४ गिगाहर्ट्झचा सहा चॅनेलचा रिमोट विकत घेतला. रिमोटला बाकी सगळ्या सामानापेक्षा जास्त पैसे लागले, पण तो पुढच्या दहा खेळण्यांना चालतो. जोडणी सोपी आहे: डावी काठी मागच्या पंख्याला, एक गोल बटण खालच्या, म्हणजे आडव्या, पंख्याला, उजवी काठी रडरला. एकच गोष्ट लक्षात ठेवायची. दोन्ही ईएससी रिसीव्हरला आपापले पाच व्होल्ट पुरवायला बघतात, म्हणून एकाची मधली लाल वायर पिनमधून काढून तिला टेप गुंडाळायचा.

आणि बोर्ड? तिथेच आम्ही फसलो. इंटरनेटवर सगळीकडे 'फोमबोर्ड' लिहिलेलं होतं. भाचा चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडे गेला आणि त्याने उदारपणे उरलेला पाच मिलिमीटरचा सनबोर्ड फुकट दिला. त्यावर कुणा नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा छापलेल्या होत्या. कापताना अर्धा चेहरा यानाच्या तळाला आला, हसरा, एक डोळा मिटलेला. ते काही दिवस आम्हाला फार आवडलं.

काट्यावर

सगळं मिळून वजन भरलं १,५४० ग्रॅम.

सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फोम. हाताला हलका लागतो, कापायला लोण्यासारखा, पाण्याला घाबरत नाही. पण अंगाने जड. खरा फोमबोर्ड म्हणजे दोन कागदांच्या मध्ये थर्माकोलसारखा पातळ थर. स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात तो मिळाला. दोन्हींचे १० बाय १० सेंटिमीटरचे तुकडे कापून काट्यावर ठेवले. सनबोर्ड २६ ग्रॅम. फोमबोर्ड ४ ग्रॅम. जाडी एकच, पाच मिलिमीटर. भाच्याने काटा हलवून, शून्यावर आणून पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

आता वजनाचं करायचं काय, ते सांगतो, कारण इथेच सगळ्या प्रकरणाची किल्ली आहे. हॉवरक्राफ्टच्या खाली हवेची गादी तयार होते आणि त्या गादीने यानाचं वजन पेलायचं असतं. म्हणजे दाब किती लागणार? वजन भागिले क्षेत्रफळ. पंपवाल्याला हे आणखी सोपं जातं, कारण आम्ही दाब मोजतोच पाण्याच्या उंचीत, 'हेड'मध्ये. ग्रॅमला चौरस सेंटिमीटरने भागलं की उत्तर थेट पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये येतं. १,५४० भागिले १,८००. शून्य पूर्णांक शहाऐंशी. म्हणजे ८.६ मिलिमीटर पाणी.

भाचा म्हणाला, "एवढंच? फुंकर मारली तरी होईल." खरं आहे. स्ट्रॉने सरबत वर ओढताना आपण याच्या दहापट दाबाचा फरक सहज करतो. दाब ही अडचण कधीच नव्हती. अडचण ही, की ही गादी चारही बाजूंनी उघडी आहे. ज्या फटीतून यान जमीन सोडतं, त्याच फटीतून हवा पळून जाते. पंख्याला दाब तर राखायचाच आहे, शिवाय पळालेली हवा सतत भरून काढायची आहे. हेड आणि डिस्चार्ज, म्हणजे दाब आणि प्रवाह, दोन्ही एकदम. आणि दाब जितका जास्त, तितकी फटीतली हवाही जोरात पळते. वजन वाढवलं की दंड दोनदा बसतो.

सलाइनची नळी

लागणारा दाब कळला, मिळणारा कळायचा होता. मेडिकलमधून सलाइनचा नवा सेट आणला आणि त्यातली पारदर्शक नळी काढून घेतली. एका छोट्या बाटलीत पाणी, पाण्यात निळ्या शाईचे दोन थेंब आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर बारीक नळीत पाणी चिकटून बसतं आणि खोटं बोलतं. बाटलीच्या तळातून निघालेली नळी एका पट्टीवर चिकटवली.

पण आठ-नऊ मिलिमीटर वाचायचे कसे? पाणी नुसतं डुचमळलं तरी तेवढं हलतं. त्यावर जुना उपाय आहे: नळी उभी ठेवायची नाही, आडवी कलती ठेवायची. ६० सेंटिमीटरच्या पट्टीचं एक टोक ६ सेंटिमीटर उचललं (दोन जाड वह्या आणि एक कंपासपेटी), की उतार एकास दहा होतो. पाणी एक मिलिमीटर वर चढायला पट्टीवर दहा मिलिमीटर सरकतं. दहापट भिंग, तेही फुकटात. बाटलीच्या तोंडाला दुसरी नळी घट्ट बसवली आणि तिचं टोक यानाच्या तळातल्या भोकातून गादीत सोडलं.

मोटर सुरू केली. निळी रेघ सरकली, ३०, ४०, ५० च्या आसपास जाऊन थरथरत थांबली. म्हणजे पाच मिलिमीटर. लागत होते ८.६. अर्ध्याहून जरा जास्त दाब मिळत होता आणि यान अर्धवटच उठत होतं. मशीन प्रामाणिक होतं, हिशेब आमचा चुकला होता.

मग उदबत्ती. पेटवलेली उदबत्ती झालरीच्या कडेने सावकाश फिरवली. सगळीकडे धूर बाहेर फेकला जात होता, ते अपेक्षितच. पण चार कोपऱ्यांवर तो अक्षरशः पिचकारीसारखा उडत होता. कचऱ्याच्या काळ्या पिशवीची झालर कोपऱ्यावर चुण्या घालून टेपने दाबलेली, आणि प्रत्येक चुणी म्हणजे एक पन्हळ. (कॅरीबॅग वापरणार होतो, पण राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी आहे आणि घरात एकही सापडली नाही. कायदा पाळला जातो याचा पुरावा असा मिळाला.)

दुसरी गळती मला जास्त लागली, कारण ती माझ्याच धंद्यातली होती. पंखा सहा इंची, म्हणजे १५२ मिलिमीटरचा. भाच्याने भोक अंदाजाने कापलेलं, १७० च्या वर. उदबत्ती त्या भोकाच्या काठाशी नेली (हात लांब, काडी पुढे, हा पंखा बोट सोडत नाही) तर धूर पंख्याच्या मधून खाली जात होता आणि काठाच्या फटीतून पुन्हा वर येत होता. पंखा तीच हवा गोल गोल फिरवत होता. इम्पेलर झिजलेला पंप हेच करतो. आवाज पूर्ण, पाणी नाही.

छत्री

दुसरं यान नव्याने बांधलं. माप तेच, पण चारही कोपरे दहा सेंटिमीटर त्रिज्येने गोल केले. क्षेत्रफळ १,७०० चौरस सेंटिमीटरवर आलं, म्हणजे थोडं घटलं. पण गोल कडेला झालर चुणी न पडता बसते. हा सौदा परवडतो.

फोमबोर्ड कापायला नवं ब्लेड लागतं. बोथट ब्लेडने कागद फाटतो आणि आतला फोम उपसून येतो. पंख्याभोवतीचं नळकांडं करायला ५० सेंटिमीटरची पट्टी घेतली आणि एकाच बाजूच्या कागदावर दर सेंटिमीटरला उभी रेघ मारली. ब्लेड कागदातून जाईल पण पलीकडच्या कागदाला लागणार नाही, इतपतच दाबायचं. पन्नास रेघा. बाविसाव्या रेघेला भाच्याचा हात घसरला आणि पट्टीचे दोन तुकडे झाले. पुन्हा पहिल्यापासून. पण पूर्ण झाल्यावर ती पट्टी हातात अशी वळते की बघत राहावं. कापलेली बाजू बाहेर ठेवून गोल केली, आतून गुळगुळीत. आतला व्यास १५८. पंख्याच्या पात्यापासून भिंतीपर्यंत सगळीकडे तीन मिलिमीटर.

चिकटवायला हॉट ग्लू गन. झटपट चिकटणारा गोंद उघड्या फोमला खातो. रबरी गोंदातलं द्रावणही तेच करतं. सुताराचा पांढरा गोंद फोमला काही करत नाही, पण दोन बंद पृष्ठभागांच्या मध्ये तो वाळतच नाही, दोन दिवसांनी उचकटलं तरी ओला. कापलेल्या सगळ्या कडांवर ब्राउन टेप, कारण कागद कडेने पाणी पितो.

झालरीसाठी भाच्याने छत्री आणली. छत्रीचं कापड या कामाला उत्तम: हलकं, दाट विणलेलं, हवा सोडत नाही, फाटत नाही. आठ त्रिकोण उसवून १३ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, ताईच्या मशीनवर शिवून पावणेदोन मीटरचा पट्टा केला, वरची कड खोक्याच्या बाहेरच्या काठाला आणि खालची कड तळाला आत चार बोटं चिकटवली. वजन १५ ग्रॅम. संध्याकाळी ताईने विचारलं, छत्री कुठाय. ऑगस्ट महिना होता. छत्री जुनी नव्हती, चालू होती. त्यानंतर दोन दिवस मी त्या घरी चहाला गेलो नाही.

झालरीतून हवा तळाखाली जायला भोकं हवीत. कात्रीने पाडली तर कापड उसवत जातं. सोल्डरिंग गनच्या तापलेल्या टोकाने पाडली की काठ वितळून आपोआप शिवल्यासारखा बंद होतो. १६ मिलिमीटरची बारा भोकं पाडली आणि यान सुरू केलं.

उचललं! एका क्षणात, आवाज न करता, चहाच्या कपात बिस्किट वर यावं तसं. आणि पुढच्या क्षणी टणाटणा उड्या मारायला लागलं. झालर टायरच्या ट्यूबसारखी टणक फुगली होती. भोकं कमी असल्याने झालरीतला दाब गादीपेक्षा फार जास्त राहत होता, आणि टणक झालर फरशीवर चेंडूसारखी उसळत होती. भोकं वाढवत गेलो: अठरा, चोवीस, तीस. तिसाला उड्या थांबल्या. झालर बोटाने दाबली तर आत जाते आणि सावकाश परत येते, पुरी तळताना टम्म फुगलेली नाही तर जरा मऊ निघाली तर जशी लागेल, तशी.

पूर्ण वजन ५५० ग्रॅम. ५५० भागिले १,७००: ३.२ मिलिमीटर. कलत्या नळीवर निळी रेघ ३० आणि ३४ च्या मध्ये थरथरत होती.

एवढ्या दाबाला दोन मिलिमीटरच्या फटीतून हवा सेकंदाला सव्वासात मीटरने निघते, आणि सगळ्या परिघाचा हिशेब केला तर सेकंदाला साधारण १४ लिटर. म्हणजे दर सेकंदाला एक लहान बादली हवा. दाब गुणिले प्रवाह केला तर हवेला द्यावी लागणारी ताकद अर्धा वॉटसुद्धा भरत नाही. पंखा, मोटर, वळणं यांत बरीच ताकद वाया जाते हे धरूनही ती जुनी मोटर अर्ध्याहून कमी वेगावर यान तरंगवत होती. मोठ्या मोटरीचा विषय भाच्याने स्वतःहून सोडला.

कॉकरेलचे डबे

या टप्प्यावर मी त्याला ख्रिस्तोफर कॉकरेलची गोष्ट सांगितली. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ बोटी बांधणारा हा माणूस. १९५५ मध्ये त्याने मांजराच्या खाऊचा रिकामा डबा कॉफीच्या मोठ्या डब्यात बसवला, दोन्हींच्या मधल्या फटीतून ब्लोअरची हवा सोडली, आणि खाली स्वयंपाकघरातला काटा ठेवून ढकल मोजली. फटीतून कडेकडेने सोडलेली हवा एका भोकातून सोडलेल्या हवेपेक्षा जास्त वजन पेलते, हे त्याला काट्यावर दिसलं. त्यातून आलेलं एसआर.एन.१ हे यान २५ जुलै १९५९ ला कॅलेहून डोव्हरला इंग्लिश खाडी ओलांडून गेलं. तेव्हा त्याला झालर नव्हती. नुसत्या हवेच्या पडद्यावर ते जमिनीपासून वीतभरच उठायचं, लाट जरा मोठी आली की पंचाईत. लॅटिमर-नीडम या इंजिनिअरची लवचिक झालरीची कल्पना पुढे वापरात आली आणि हॉवरक्राफ्ट खऱ्या अर्थाने कामाला लागलं. १९६८ ते २००० अशी बत्तीस वर्षं मोठी हॉवरक्राफ्ट त्याच खाडीवर माणसं आणि मोटारी वाहत होती.

भाच्याला त्यातलं एकच आवडलं: त्यानेही काटा आईच्या स्वयंपाकघरातूनच घेतला असेल का?

थांबेना

उचलण्याचा प्रश्न संपला आणि चालवण्याचा सुरू झाला. घरातल्या शहाबादी फरशीच्या सांध्यांमधून हवा निसटते, प्रत्येक सांध्यावर यान ठेच लागल्यासारखं अडखळायचं. गच्चीवरच्या चायना मोझॅकने झालर घासून निघत होती. शेवटी भाच्याच्या सरांनी रविवारी शाळेचा हॉल उघडून दिला. गुळगुळीत पॉलिश केलेला कोटा.

पहिली तक्रार: यान नुसतं तरंगत ठेवलं तरी सावकाश गोल फिरायचं. खालचा पंखा वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो, तर यान उलट फिरायला बघतं. जमिनीचा धरबंध नाही, मग त्याला अडवणार कोण. पंख्याच्या खाली नळकांड्यात फोमबोर्डच्या दोन उभ्या पट्ट्या अधिक चिन्हासारख्या बसवल्या. गोल फिरणारी हवा त्यांवर आदळून सरळ झाली, तिचा उलटा धक्का यानाला बसला, फिरणं जवळजवळ थांबलं. उरलेलं रिमोटच्या ट्रिमने, म्हणजे बारीक दुरुस्तीच्या बटणाने, काढलं.

दुसरी जास्त गमतीची. वेग घेतला की नाक खाली जायचं, पुढची झालर आत दुमडायची आणि यान जमीन नांगरायला लागायचं. इंग्रजीतही या प्रकाराला नांगरणीचंच नाव आहे. कारण कागदावर सापडलं. मागच्या पंख्याचा मध्य जमिनीपासून १३ सेंटिमीटर वर. त्याची ढकल, मोटर तोंड वर करून ठोकळ्यावर बसवून तो ठोकळा काट्यावर ठेवला तेव्हा, १५० ग्रॅम भरली. १५० गुणिले १३ भागिले ५५०: साडेतीन सेंटिमीटर. म्हणजे पंखा पूर्ण चालला की यानाचा तोल जणू साडेतीन सेंटिमीटर पुढे सरकतो.

तोल कुठे आहे ते बघायला ताईचं लाटणं घेतलं (छत्रीचं प्रकरण मिटलं होतं). यान लाटण्यावर आडवं ठेवायचं आणि दोन्हीकडे समान झुकेल ती जागा शोधायची. बॅटरी वेल्क्रोवर असल्याने पुढेमागे सरकवता येते. तिने तोल पूर्ण साडेतीन मागे नेला तर उभं असताना शेपूट घासायचं. तोल दोन सेंटिमीटर मागे ठेवला. उभं असताना शेपूट किंचित जड, पळताना नाक किंचित जड, आणि नांगर पडत नाही. तडजोड आहे, पण चालते.

तिसरं म्हणजे मागच्या मोटरीचा अपघात. मोटर मी घाईत हॉट ग्लूने चिकटवली होती. दहा मिनिटं चालल्यावर मोटर तापली, ग्लू मऊ पडला, मोटर वाकडी झाली आणि पंख्याने स्वतःचीच जाळी कुरतडली. आवाज ऐकून सर धावत आले. चूक पूर्णपणे माझी. नंतर तीन मिलिमीटरच्या प्लायचा तुकडा, चार स्क्रू, आणि प्लायला ग्लू. तापणाऱ्या वस्तूला ग्लू थेट लावायचा नाही.

आणि फेलसेफ. भाच्याने एकदा रिमोट चुकून बंद केला. मागचा पंखा थांबायला हवा होता, तो शेवटच्या वेगावरच चालू राहिला आणि यान थेट रचलेल्या खुर्च्यांखाली घुसलं. सिग्नल गेला तर दोन्ही मोटरी शून्यावर याव्यात, हे रिसीव्हरला आधी शिकवावं लागतं. पंखे काढून, टेबलावर, रिमोट मुद्दाम बंद करून तपासायचं. आम्ही ते नंतर केलं. लिपोच्या बाबतीत मात्र पहिल्यापासून कडक होतो: चार्जिंगला लावून घराबाहेर जायचं नाही, फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, आणि सहा-सात मिनिटांच्या वर पळवायचं नाही.

चालवण्याबद्दल एकच सांगतो. रडर वळवला की यानाचं तोंड वळतं, वाट वळत नाही. कॅरमची सोंगटी आठवा. बोरिक पावडरवर ती कशीही गिरकी घेत असली तरी जाते मारलेल्या दिशेनेच. हॉवरक्राफ्टला ब्रेक नाही. वळण यायच्या दोन मीटर आधी तोंड फिरवायचं, मग मागच्या पंख्याला जोर द्यायचा, आणि ते तिरकं घसरत वळतं. थांबवायचं तर पूर्ण उलटं फिरवून मागे ढकलायचं, किंवा खालचा पंखा बंद करून धप्पकन बसवायचं. मला हे शेवटपर्यंत नीट जमलं नाही. भाच्याला अर्ध्या तासात जमलं.

चिखल, पाणी, गवत

प्रदर्शनाचं थोडक्यात सांगतो. परीक्षकांनी विचारलं, याचा उपयोग काय? भाच्याने आपल्या तटरक्षक दलाकडे हॉवरक्राफ्ट आहेत हे सांगितलं. कच्छच्या किनाऱ्यावर भरती ओसरली की नुसता चिखल उरतो, तिथे बोट रुतते आणि माणूसही रुततो, हॉवरक्राफ्ट मात्र जातं. एवढ्यावर थांबायचं तर पुढे म्हणाला, सांगलीच्या महापुरातही चाललं असतं. मी मागे उभा होतो, गप्प राहिलो, पण मला ते पटत नाही. २०१९ ला आमच्या गल्लीत पाणी होतं. त्या पाण्यात पत्रे, तारा, कुंपणाचे खिळे, तरंगते सिलिंडर. झालर पहिल्या कोपऱ्यावर फाटली असती. आणि मागचा उघडा पंखा गल्लीबोळात माणसांच्या मधून फिरवणार कसा.

बक्षीस नाही मिळालं. पण पुढच्या आठवड्यात तीन दिवस पाऊस लागला आणि शाळेचं मैदान घोटाभर पाण्याने भरलं. आम्ही यान तिथे नेलं.

आधी बंद अवस्थेतच पाण्यावर ठेवलं. तरंगलं. ५५० ग्रॅमचं यान १,७०० चौरस सेंटिमीटरवर बसतं, तर पाण्यात किती बुडेल? ३.२ मिलिमीटर. मग पंखा सुरू केला, यान उठलं, आणि त्याच्या खाली पाण्याला उथळ खळगा पडला. त्याची खोलीही तेवढीच असणार, ३.२. हवा मध्ये आली तरी वजन अखेर पाण्यालाच पेलायचं आहे. कलत्या नळीवरची निळी रेघ तोच आकडा सांगत होती. भाचा बराच वेळ वाकून त्या खळग्याच्या काठाकडे बघत बसला होता, पँट भिजेपर्यंत.

पळवायला गेलो तर यान जड झालं. पुढे लाट उभी राहिली आणि ते तिच्या मागे अडकलं. चालणाऱ्या माणसाच्या वेगाला हा अडथळा येतो, इंग्रजीत त्याला 'हंप' म्हणजे कुबड म्हणतात: यान स्वतःच्याच खळग्यातून बाहेर पडायला धडपडत असतं. खोल पाण्यात एवढ्या लांबीच्या यानाला तो साधारण सेकंदाला १.४ मीटरवर येतो, उथळात त्याआधीच. मागच्या पंख्याला पूर्ण जोर दिला, दोन सेकंद काहीच नाही, आणि मग एकदम लाट मागे पडली आणि यान सुटलं. त्या सुटण्याचा आवाज बदलतो, पंख्याचा सूर वर जातो. पाण्यावरून ते तसंच चिखलात चढलं, चिखलावरून पुन्हा पाण्यात. वेग घेतल्यावर चिखल आणि पाणी यांतला फरकच त्याला कळत नव्हता.

गवतावर मात्र मेलं. कडेला आखूड हिरवळ होती, बघायला गालिचा. काड्यांच्या मधून सगळी हवा निसटली आणि ते पहिल्या दिवशीसारखं एका कोपऱ्यावर थरथरत बसलं. थांबून पुन्हा पाण्यातून उठायलाही त्रास होतो, कारण झालरीत पाणी शिरतं आणि ओलं कापड तळाला चिकटतं. दोनदा हाताने उचलून झटकावं लागलं. महिन्याभरात झालरीचा खालचा काठ विरला, तिथे आता ब्राउन टेपचा पट्टा आहे. टेपने सहा ग्रॅम वाढले. हे मला भाच्यानेच सांगितलं.

परवा तो दुकानात आला. मी एका सबमर्सिबलचं वाइंडिंग उघडून बसलो होतो. त्याने खिशातून ताईचा जुना फोन काढला आणि म्हणाला, यानावर हा ठेवून चालताना व्हिडिओ काढायचा आहे. मी काही बोलायच्या आत त्याने फोन माझ्या काउंटरवरच्या काट्यावर ठेवला. १८० ग्रॅम. वहीवर भागाकार केला, टेप धरला नव्हता तेवढं सोडलं तर बरोबर केला.

"चार पूर्णांक तीन, मामा. उचलतंय."